जागी

आत्या गवताशी बोलायची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोकांचं काय, लोक काहीही उठवतात. ती गवताला हात लावायची, एवढंच. पण त्या हात लावण्यात असं काही असायचं की बघणाऱ्याला वाटावं, आता ही काहीतरी विचारणार आणि गंजी उत्तर देणार.

पुरुषभर लांबीची लोखंडी सळई होती तिच्याकडे. ती छातीच्या उंचीवर गंजीच्या पोटात खुपसायची, पेलाभर पाणी सावकाश प्यायला लागेल तेवढा वेळ आत ठेवायची आणि बाहेर ओढून तिच्या टोकाला हात लावायची. पालथा हात. तळहाताला चाळीस वर्षांचे घट्टे पडलेत, त्याला निखाऱ्याखेरीज काही कळत नाही, असं ती म्हणायची. पालथ्या हाताची कातडी पातळ असते, ती खोटं बोलत नाही.

गवत विकून जे पोट भरतात त्यांना हे सांगावं लागत नाही, आणि बाकीच्यांना सांगून पटत नाही. ओलं गवत रचलं की ते आतल्या आत तापायला लागतं. बाहेरून हात लावा, गार. लांबून बघा, छान पिवळंधमक. आणि मग दोन-तीन आठवड्यांनी, कुणी काडी लावलेली नसताना, गंजी पोटातून पेटते. आत्याच्या घरात तापू लागलेल्या गंजीला ‘जागी झाली’ म्हणत आणि गार गंजीला ‘झोपलीय’.

‘जागी’ हा शब्द त्या घरात थट्टेत वापरायचा नसे. कुणीही तो उच्चारला की हातातलं टाकायचं, माणसं आणि जनावरं बाहेर काढायची आणि मग काय ते बघायचं. ‘कोणती’ विचारायचं नाही, ‘कशावरून’ विचारायचं नाही. काही निघालं नाही तर हसायचंही नाही. हा नियम आत्याचा नव्हे, तिच्या नवऱ्याचा. चाळीस वर्षांपूर्वी गोठ्याला लागून असलेली गंजी रात्रीत पेटली. दोन गाई गेल्या आणि त्यांची दावी सोडायला आत शिरलेला त्याचा धाकटा भाऊ गेला. कुणाला काही कळलंच नाही, असं सगळे सांगत. तेव्हापासूनचा हा नियम. सांगताना म्हातारा दर वेळी पुढं जोडायचा, ‘काल आलेली सून म्हणाली तरी उठायचं.’ ऐकणाऱ्याला ती बोलायची एक तऱ्हा वाटे.

अशा या घरात धाकटी सून होऊन आली, त्याला तीन वर्षं झाली होती. थोरल्या जावेनं शहरात बिऱ्हाड केलेलं. मग हिचं नावच ‘धाकटी’ पडलं. नवरा गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या मशीनवर कामाला, हंगामात महिना-महिना घराबाहेर. सासूला ती आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. मामा दोन महिन्यांपूर्वी गंजीवरून घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, मधल्या खोलीत खाटेवर पडून असत. तोंड मात्र शाबूत होतं, आणि ते पडून राहत नसे.

धाकटीचा स्वतःचा उद्योग दुधाचा. उतारावर सहा घरं होती, सगळी म्हातारी माणसं, प्रत्येकाकडं एक-दोन गाई. धाकटी पहाटे त्यांचं दूध गोळा करायची आणि सातच्या आत खाली डेअरीवर पोचवायची. पहिलं वर्षभर ढकलगाडीवर कॅन लादून नेलं. मग बॅटरीवरची स्कूटर आली आणि धाकटीचा दिवसच बदलला. दोन बाजूंना दोन कॅन, पायाशी एक, आणि घळीतला रस्ता वीस मिनिटांत पार. स्कूटरवर बसली की तिला कुणी धाकटी म्हणत नसत. ‘दूधवाली आली’ म्हणत, आणि लहान-मोठे सगळे बाजूला होत. ही गोष्ट तिनं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती, पण चेहऱ्यावर ती दिसायची.

आत्याची स्कूटरला ना नव्हती. आणून द्यायला आलेल्या माणसाला तिनं एकच प्रश्न विचारला होता.

‘‘तापते का?’’

‘‘चार्जिंगला थोडी तापते, आजी.’’

‘‘थोडी म्हणजे किती?’’

त्या माणसानं कंपनीचा कागद पुढं केला. तेव्हा आत्यानं स्वतःच आठवडाभर, चार्जिंग संपलं की, सीटखालून काढलेल्या बॅटरीला पालथा हात लावून पाहिला आणि ठरवून टाकलं, ‘‘गाईच्या कानाइतकी गरम. त्याच्यावर गेली तर मला हाक मार.’’ चार्जिंग शेडमध्येच करायचं, दिवसाउजेडी, आणि कुणाची तरी नजर असताना. बॅटरी घरात आणायची नाही. कंपनीच्या कागदावर हेच सगळं बारीक अक्षरात छापलेलं होतं. आत्याला वाचता येत नव्हतं.

त्या वर्षी गवत कापून कुरणात आडवं पडलं आणि नको त्या वेळी पाऊस लागला. तीन दिवस तोंड काळं करेना. दोघी बायका दिवसभर गुडघाभर चिखलात उभ्या राहून गवत उंचावर ओढत होत्या. बोटांच्या चामड्या पांढऱ्या पडून सुरकुतल्या होत्या, दाताळ्याचा दांडा हातात ठरत नव्हता. धाकटीची कंबर धरली की ती थोडा वेळ वाकूनच उभी राहायची, सरळ व्हायलाही कष्ट. आत्याचं वय साठीच्या पुढं, पण तिनं एकदाही ‘बसू या’ म्हटलं नाही. ती बसेना म्हणून धाकटीला बसता येईना. मनातल्या मनात ती सासूवर चरफडायची, आणि त्याच मनात म्हणायची, काय बाई आहे ही!

तिसऱ्या दिवशी त्या कुरणात असताना ओढा फुटून अंगणात आला. घरात पाणी शिरलं नाही, पण शेड खोलगट. परत येऊन पाहतात तो स्कूटर सीटपर्यंत पाण्यात, एखादी म्हैस डुंबावी तशी. सकाळपासून ती तशीच उभी होती.

पाणी ओसरल्यावर धाकटीनं बॅटरी काढली. खालच्या फटीतून गढूळ पाण्याची धार लागली. आत्यानं पालथा हात लावला.

‘‘गार आहे की,’’ धाकटी घाईनं म्हणाली.

‘‘आज असणारच. ओलं आत कोंडलंय. गवत काय पहिल्या दिवशी पेटतं?’’

‘‘आत्या, हे गवत नाही.’’

‘‘नसू दे. तापतं ना?’’

कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, बुडालेली बॅटरी चार्ज करू नका, उघडू नका, घरापासून लांब उघड्यावर ठेवा. रस्ते सुरू झाले की आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. रस्ते कधी सुरू होणार, ते तिला माहीत नव्हतं. आत्यानं फोनकडं पाहून मान डोलावली, जणू लांबची कुणी नात शहाणी निघाली. मग दहा-बारा किलोंचं ते धूड तिनं स्वतः उचललं, घरापासून आणि गंज्यांपासून तीस पावलं लांब सपाट दगडावर ठेवलं आणि वर पत्र्याचं छप्पर उभं केलं. सकाळ-संध्याकाळ ती तिथं जायची, हात लावायची आणि येऊन सांगायची, ‘‘झोपलीय.’’

दुरुस्तीवाला फिटर स्कूटर बघायला आला आणि त्यानं हा थाट पाहिला, तेव्हा तो पोट धरून हसला.

‘‘आजी, बॅटरीची नाडी बघता होय? आणि जीभ बघितली का?’’

‘‘तू बघ तिची जीभ. आमच्या अंगणाबाहेर नेऊन बघ.’’

तो चपापला, पण जाताना धाकटीला बाजूला घेऊन म्हणालाच, ‘‘कंपनीला नवीन विकायची असते, म्हणून घाबरवतात. आठ-दहा दिवस वाळली ना? लावून टाका.’’ तिचा चार्जर पुरात गेला होता. त्यानं आपल्या पेटीतला दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा काढून दिला. ‘‘पिन बसते ना? मग चालतंय.’’ धाकटीनं तो ओढणीखाली धरून घरात नेला. चोरी केल्यासारखं तिला तेव्हाच वाटलं होतं.

ढकलगाडी पुन्हा बाहेर निघाली. घळीत चढावर ती मागं यायची. धाकटी छातीनं रेटायची, कॅनच्या कडा बरगड्यांत रुतायच्या. चाकांना चिखल धरला की थांबून काठीनं काढायचा. कितीही लवकर निघाली तरी डेअरीवर पोचायला साडेसात व्हायचे, आणि सातला टँकरचं झाकण लागायचं. मागं राहिलेलं दूध मापाड्या वेगळं तपासायचा, सगळ्यांसमोर. आठव्या दिवशी त्यानं एका कॅनमध्ये नाक घातलं आणि तो सरळ गटारीवर उपडा केला. चार घरांचं दूध होतं ते.

‘‘बॅटरीचा ताप उतरला का?’’ रांगेतलं कुणीतरी म्हणालं. ‘‘काढा द्या म्हणावं सासूला!’’ रांग हसली. पांढरं पाणी धाकटीच्या चपलांखालून वाहत गेलं.

मापाड्या वाईट माणूस नव्हता. हळू आवाजात म्हणाला, ‘‘सोमवारपर्यंत बघतो. सोमवारपासूनही सातच्या आत आली नाहीस तर ती सहा घरं टेम्पोवाल्याला देतो. माझाही नाइलाज आहे.’’

ही गोष्ट तिनं घरी सांगितली नाही. सांगितली असती तर पुढचं सगळं टळलं असतं का? टळलं असतं. पण तीन वर्षांत जे एक काम आपलं स्वतःचं म्हणून उभं केलं, ते सासूच्या पालथ्या हातामुळं जातंय, असं तिच्या डोक्यानं घेतलं होतं.

शनिवारी ऊन पडलं. रस्ते सुरू होऊनही कंपनीचा माणूस फिरकला नव्हता. आत्या जेवून कुरणात गवत उलथायला गेली. मामांना डुलकी लागली. धाकटीनं अंगणाच्या टोकाची बॅटरी उचलून घरात आणली. शेडमधली वीज पुरापासून बंद होती. पुढच्या खोलीत दाराला लागून एक प्लग होता. तिथंच स्टुलावर बॅटरी ठेवून फिटरचा चार्जर लावला. लाल दिवा लागला. तो अंगणातून दिसेल म्हणून तिनं मामांची जुनी कांबळी दुहेरी घडी करून वरून घातली, नीट, कडा खाली खोचून. मग मनाला बरं वाटावं म्हणून कॅन घासायला बसली. घासलेले कॅन एरवी पुढच्या दारात उपडे घालायची. आज तिथं जायला नको वाटलं. तिनं ते मागच्या दाराशी रचले.

तास-दीड तासानं ढग आले आणि आत्या परतली, मागच्या दारानं.

‘‘हे इथं कुणी रचलं? मागचं दार अडवायचं नसतं, किती वेळा सांगायचं?’’ कडेकडेनं अंग चोरून ती आत आली.

‘‘काढते,’’ धाकटी म्हणाली.

आत्या मधल्या खोलीत जाऊन मामांच्या पायाला तेल चोळायला बसली. धाकटी पुढच्या खोलीत आली. प्लग काढायचा, बॅटरी कोपऱ्यात सरकवायची, संधी मिळाली की दगडावर नेऊन ठेवायची, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं कांबळी उचलली. आणि सवय नसताना, कुणी सांगितलं नसताना, तिचा हात पालथा होऊन पुढं गेला.

गाईचा कान नव्हता तो.

तिनं बटण बंद केलं, पिन उपटली, आणि मनात वीसपर्यंत मोजून पुन्हा हात लावला. वायर निघालेली असताना बॅटरी आधीपेक्षा जास्त तापली होती. बाहेरून तिला आता काही मिळत नव्हतं; ती आपली आपण तापत होती. आतून बारीक आवाज आला, टिक. थोड्या वेळानं पुन्हा, टिक, टिक. नखांच्या रंगाला येतो तसला गोडसर वास नाकात शिरला.

दार दोन हातांवर होतं. उचलून अंगणात फेकली तर? कुणाला कळणारही नाही. तिनं कडी धरली, आणि बॅटरीच्या पोटात काहीतरी सरकल्यासारखं झालं. तिनं कडी सोडली.

आतून आत्याचा आवाज येत होता. मामांना दटावत होती, पाय ढिला सोडा म्हणून. ओरडायचं तर सगळं सांगावं लागणार होतं. लपवलेला चार्जर, कांबळी, सगळं. फिटर हसला तशी उद्या सासू हसणार नाही, पण बघेल, आणि ते बघणं जन्मभर पुरेल. दोन श्वास धाकटी गप्प उभी राहिली. फक्त दोन, पण ते दोन श्वास तिला पुढं कधी विसरता आले नाहीत.

मग ती म्हणाली, ‘‘आत्या, जागी झाली.’’

ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली. अंगणात तीन गंज्या उभ्या होत्या. कोणती, असं आत्यानं विचारलं असतं तर त्यात काही चूक नव्हती. आत्यानं विचारलं नाही. तेलाची वाटी खाली ठेवली नाही, टाकली. ती घरंगळत गेल्याचा आवाज धाकटीनं ऐकला. ती मधल्या खोलीत पोचली तोवर आत्या उभी होती.

‘‘पुढून?’’

‘‘पुढं तीच आहे.’’

‘‘मागून मग.’’

खाट मागच्या दारातून निघणारी नव्हती. आत्यानं क्षणभरही खाटेकडं पाहिलं नाही. मामांच्या अंगाखालच्या जाड चादरीचे दोन कोपरे तिनं मुठीत वळवले. ‘‘दोन तुझे, दोन माझे. गवत उचलतो तसं. हां!’’ आणि त्या दोघी, ज्यांनी जन्मात हजार ओझी अशी उचलली असतील, एका झोक्यात मामांना घेऊन निघाल्या. मामा कळवळले, मग म्हणाले, ‘‘ओलं आहे गं गवत, जड लागेल.’’

मागच्या दाराशी कॅन. आत्या पाठमोरी होती. तिनं टाचेनं एक लाथ घातली आणि सगळे कॅन खणखणत अंगणात उधळले. उंबरा ओलांडून पंधरा पावलं गेली असतील, तोच घराच्या पुढच्या बाजूला फट्‌कन आवाज झाला, मग दुसरा, मग मोजता येईनात. खिडकीची काच बाहेर पडली. पांढरा दाट धूर लोटला आणि त्याच्यामागून जाळाची जीभ, फुंकणीतून निघावी तशी सरळ आणि आवाज करत. ज्या दारातून धाकटी बॅटरी फेकणार होती, त्या दाराची चौकट पेटली.

दूध लिहून ठेवायची वही पुढच्या खोलीत होती. धाकटी दोन पावलं धावली. आत्यानं तिची वेणी धरून मागं ओढलं, अगदी लहान पोरीला ओढावं तसं.

‘‘वही! आत्या, सहा घरांची...’’

‘‘सहा घरं तुला तोंडपाठ आहेत. वाऱ्याच्या पाठीशी ये. तो धूर छातीत घेऊ नकोस.’’

मग आत्यानं काय करावं? घराकडं धावली नाही. विहिरीच्या पंपाचा पाइप ओढून घेतला आणि लांब उभं राहून आधी जवळची गंजी भिजवली, मग गोठ्याची भिंत, मग मधल्या खोलीची खिडकी. जे पेटलं ते गेलं, जे पेटायचं आहे ते वाचवायचं, इतका साधा हिशेब. पण आपलं घर डोळ्यांदेखत जळत असताना तो कुणाला सुचतो? तिला सुचला. पदर खोचून, पाय रोवून ती पाणी मारत होती. जमलेली माणसं ती म्हणेल तसं हलत होती. त्यात फिटरही होता. त्याला तिनं बादल्या भरायला लावलं.

गवतावर आडवे पडलेले मामा अग्निशामक गाडीला फोन करत होते. ‘‘घर पेटलंय हो. बॅटरी. नाही, आत कुणी नाही. मी? मी मजेत आहे, मला गवतासारखं बाहेर टाकलंय.’’

गाडी आली, जाळ दमला. पुढची खोली गेली, छपराचा तेवढा भाग गेला. मधली खोली काळी झाली पण उभी राहिली. जवानांनी लांब आकड्यांनी बॅटरीचा सांगाडा बाहेर ओढला आणि अंगणाच्या टोकाला, त्याच सपाट दगडाजवळ, पाण्याच्या पिंपात बुडवला.

‘‘विझली,’’ एक जवान म्हणाला.

‘‘विझली म्हणू नका,’’ आत्या म्हणाली. ‘‘तीन दिवस म्हणू नका. ती पुन्हा उठते.’’

त्यांचा साहेब वळून बघायला लागला. ‘‘आजी, हेच मी तुम्हाला सांगायला येत होतो. कुठं शिकलात?’’

‘‘गवतात.’’

साहेबानं खाटेपासून पुढच्या खोलीपर्यंत पावलं मोजली. पाच भरली. ‘‘यांना बाहेर काढायला किती वेळ मिळाला?’’

‘‘हिनं सांगितलं आणि निघालो,’’ आत्या म्हणाली. साहेबानं डोक्यावरचा टोप काढून हातात घेतला. जाताना मात्र फिटरला बोलावून त्या चार्जरबद्दल बराच वेळ काहीतरी विचारत होता, आणि फिटर जमिनीकडं बघत होता.

दिवस मावळतीला आला. माणसं पांगली. मामांसाठी शेजारून खाट आणून गोठ्याच्या ओट्यावर टाकली होती. तिथून पिंप दिसत होतं. आत्या आणि धाकटी खाली बसल्या. दोघींच्या भुवयांवर काजळी. ढकलगाडीपासूनचं सगळं धाकटीनं सांगून टाकलं. चार्जर, सोमवार, ओतलेलं दूध, रांगेतलं हसणं. सांगताना तिला रडू आलं, पण ती थांबली नाही.

‘‘पांघरूण घातलंस,’’ आत्या म्हणाली. ‘‘तापणाऱ्या वस्तूवर कांबळी! गवतवाल्यांची सून तू.’’

‘‘चुकलं.’’

‘‘चुकलंच. ते मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.’’ मग ती पिंपाकडं वळली. ‘‘पण बोललीस.’’

‘‘दोन श्वास गप्प होते मी, आत्या.’’

‘‘मी दोन दिवस गप्प होते.’’

धाकटीला आधी कळलं नाही.

‘‘तीन महिन्यांची सून होते. गोठ्याला लागून गंजी रचली होती, सासऱ्यांनी स्वतः. मी सळई घालून बघितली होती. हात भाजला माझा. पण सासऱ्यांची गंजी ओली आहे, हे नव्या सुनेनं कुठल्या तोंडानं म्हणायचं? म्हटलं, आपल्यालाच कळत नसेल. तिसऱ्या रात्री...’’ तिनं गोठ्याकडं पाहिलं. ‘‘कुणाला कळलं नाही म्हणतात सगळे. मला कळलं होतं. चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.’’

खाटेवर हालचाल झाली. मामा झोपलेत असं दोघींना वाटलं होतं.

‘‘मला माहीत होतं,’’ मामा म्हणाले.

आत्या वळली.

‘‘तुझा हात लाल झाला होता. पालथा. भाकरीचा चटका बसला म्हणालीस. भाकरीनं तळहात भाजतो, गं. मी बघितलं, आणि मीही गप्प बसलो. बापाच्या गंजीबद्दल मी तरी कुठं बोलणार होतो!’’ त्यांच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. ‘‘नियम कुणासाठी केला असं वाटलं तुला? काल आलेली सून म्हणाली तरी उठायचं. दर वेळी म्हणायचो. तू कधी ऐकलंच नाहीस.’’

आत्या तोंड फिरवून बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. चाळीस वर्षांत मामांनी तिला रडताना पाहिलं नव्हतं, धाकटीनं तर नाहीच. मामांनी खाटेवरून हात लांब केला, तिचा हात शोधला आणि पालथाच धरून ठेवला.

धाकटीला तिथं बसवेना. ती उठून पिंपापाशी गेली. पाण्यातून बारीक बुडबुडे येत होते. तिनं पिंपाच्या बाजूला पालथा हात लावला आणि पेलाभर पाणी प्यायला लागेल तेवढा वेळ तसाच ठेवला.

‘‘झोपली का?’’ आत्यानं विचारलं.

‘‘नाही अजून.’’

‘‘मग ये, बस. आळीपाळीनं बघू.’’ आत्यानं पदरानं तोंड पुसलं. ‘‘आणि सकाळी गाडी ढकलायला मी येते. दोघी असलो की सातच्या आत पोचू.’’

‘‘आणि मला कोण बघणार?’’ मामा म्हणाले.

‘‘तुम्ही कुठं पळून जाताय?’’ आत्या म्हणाली, पण त्यांच्या हातातला हात तिनं काढून घेतला नाही.